मातृरोप

चोपड्याच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये माझं काम सोपं आहे.
केळीचा कोंभ सोलायचा, सोलत राहायचं
नखाएवढा पांढरा जीव उरेपर्यंत.
मग बाटली, मग दिव्याचा उजेड, मग वाट बघणं.
एका कंदाची हजार रोपं,
सगळी एका चेहऱ्याची,
कुणाच्या पोटात बी नाही, कुणाला बाप नाही.

आठ वेळा कापता येतं. नवव्यांदा नाही.
नवव्या खेपेला पानं पट्टेरी निघतात,
घड गळ्यातच अडकतो.
मग कुदळ घेऊन पुन्हा शेतात,
कुणी हात न लावलेल्या झाडाकडे.
त्याला आम्ही मातृरोप म्हणतो.

माझी बहीण इंदुबाला बडगुजर
सध्या गुरूच्या अलीकडे कुठेतरी आहे.
जाण्याआधी तिला, भाऊजींना
आणि पोटातल्या निषादला दुरुस्त करून घेतलं:
हाडं झिजू नयेत, किरणांनी रक्त नासू नये,
झोप चार तासांत पुरावी,
भूक मुठीएवढी.
जाता जाता आमच्या घरची वाकडी करंगळीही
सरळ करून टाकली. तिचे पैसे नाही लावले.
'दोष' या रकान्यात होती म्हणे.

आजोबांची करंगळी ती, मग आत्याची, मग आमची दोघांची.
आत्या भरीत ठेचायला बसली की
चार बोटं मुसळीवर
आणि पाचवी बाहेर, रुसून बसल्यासारखी.

निषाद एकदा म्हणाला, मामा,
घाम म्हणजे तुझ्यातून पाणी गळतं?
तुला कुणी दुरुस्त नाही केलं?
मे महिना होता, पारा सत्तेचाळीसवर,
कूलरची मोटर जळलेली.
मी म्हणालो, नाही रे, राहून गेलं.

आई रोज रात्री स्क्रीनजवळ तोंड नेऊन विचारते,
जेवनी का वं बाई?
प्रश्न जायला चाळीस मिनिटं, उत्तर यायला चाळीस.
तोवर आई झोपलेली असते.
जेवले, असं इंदू रोज अंधाराला सांगते.
मी ऐकतो. आईला सकाळी सांगतो.

यंदाच्या पौषात संदेश आला तो इंदूचा नव्हता,
तिकडच्या डॉक्टरीणबाईंचा होता.
दुसरं मूल राहत नाही. तीनदा गेलं.
दुरुस्तीवर दुरुस्ती, तीवर ठिगळ,
खाली मुळात काय लिहिलं होतं
तेच आता वाचता येत नाही.
कुटुंबातलं कुणी न बदललेलं आहे का?

मला हसू आलं.
आयुष्यभर मी कुदळ घेऊन हिंडलो,
आज कुणीतरी माझ्या बुंध्याशी उभं होतं.

जळगावला जाऊन रक्त दिलं. एसटीने गेलो, एसटीने आलो.
रक्त इथंच राहणार होतं,
त्याची अक्षरं तेवढी वर जाणार होती.
शेवटी एक कागद. सही करा.
'विशेष सूचना' पुढे दोन ओळी मोकळ्या.
नर्स म्हणाली, तिथं कुणी काही लिहीत नाही.
मी लिहिलं: करंगळीला हात लावू नका.

मुलगी झाली.
फोटो आला तेव्हा मी बाटल्या मोजत होतो,
मोज चुकली.
डोकं तिळाच्या लाडवासारखं, डोळे मिटलेले,
दोन्ही हातांत किरणं अडवणारे मोजे.
डाव्या मोज्याला पाच बोटं,
पाचही सरळ शिवलेली.

आईने चष्मा पुसला, एकदाच पाहिलं,
आणि देवापुढे साखर ठेवायला उठता उठता म्हणाली,
वाकडीच शे.

मला ते कापडच दिसतं.
टोकाशी थोडी घडी आहे, किंवा सावली.
रात्री उशिरापर्यंत मी फोटो मोठा करत बसतो,
मोठा करत राहतो
नुसते करडे चौकोन उरेपर्यंत.